दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतून कोकणाकडे मोटारगाड्यांची रीघ लागते. त्यांत नव्या गाड्या असतात, तशाच दहा, पंधरा वा त्याहूनही अधिक वर्षे वापरलेल्या गाड्याही पुष्कळ असतात. वर्षभर शहरातील अरुंद रस्त्यांवर थांबत थांबत चाललेली ही गाडी एकाएकी माणसांनी व सामानाने भरून कशेडीच्या घाटाला लागते. मग कोणाच्या समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागतो, कोणाच्या इंजिनातून वाफ निघू लागते, तर कोणाचे इंजिन चढावर झटके देऊ लागते. अशा वेळी चालक बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर दिव्याकडे दुर्लक्ष करून गाडी तशीच पुढे हाकतो, नाही तर पहिले गॅरेज दिसेल तेथे थांबून ‘दिवा तेवढा घालवून द्या’ असे सांगतो. या दोन्ही सवयी सारख्याच महाग पडतात, आणि त्या मुंबईपुरत्या मर्यादित नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

शेतीविषयक पत्रिकेत मोटारीचा विषय कशासाठी, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. त्याची कारणे तीन. पहिले असे की, शहरात जुनी झालेली गाडी पुष्कळदा भंगारात न जाता खेड्यात येते. खाजगी मोटारीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते, आणि अशा गाड्या गावातील कुटुंबे आपल्या ऐपतीप्रमाणे विकत घेतात. दुसरे असे की, दादरच्या फुलबाजारात पहाटे पोहोचणारा माल लहानमोठ्या वापरलेल्या वाहनांतूनही जातो. झेंडूने भरलेली गाडी घाटात चार तास अडकली, तर त्या दिवसाचा भाव हातचा जातो. तिसरे कारण भविष्यातील आहे. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुरासंबंधीचे नवे कडक नियम लागू झाले. त्यामुळे मोटारीतील संवेदक, संगणक व सूचक दिवे आता शेताच्या बांधावर येऊन पोहोचले आहेत. मुंबईच्या चालकाने जी गोष्ट काल शिकावयाची होती, ती आपल्याला आज शिकावी लागणार आहे.

जुन्या गाडीची भाषा

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पुष्कळांनी पाहिली असेल. फियाट ११०० या मूळ नमुन्यावरून कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्स कारखान्यात ही गाडी तयार होत असे. तिची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, आणि टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून निवृत्त झाली. या गाडीत सूचक दिवे मोजके होते. बाकीचे निदान चालक व मिस्त्री कानाने, नाकाने आणि हाताच्या स्पर्शाने करीत. उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनामुळे पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडली, तर पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून ती पुन्हा चालू करणारे चालक त्या काळी सर्वत्र आढळत.

ही विद्या आपल्या शेतकऱ्यास परकी नाही. विहिरीवरील ऑईल इंजिन ज्याने चालविले आहे, त्याला धुराचा रंग वाचता येतो. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरातील पाणी वरचेवर कमी होत असेल, तर हेडचे गॅस्केट फुटून पाणी आत शिरत असण्याचा संभव मोठा. थंडीच्या सकाळी मात्र पहिली काही मिनिटे दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी होय. नव्या गाडीत दिवे आले, म्हणून ही जुनी समज टाकून द्यावयाची नाही. दिवा ही तिच्यात पडलेली भर आहे.

लाल आणि पिवळा

दिव्यांचे पहिले वाचन रंगावरून करावे. लाल दिवा थांबावयास सांगतो. पिवळा दिवा लवकर तपासणी करा असे सांगतो.

लाल दिव्यांत सर्वांत गंभीर दिवा तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला. हा दिवा तेल किती आहे हे सांगत नाही, तर तेलाचा दाब पडला आहे हे सांगतो. इंजिनातील फिरते भाग दाबाखालील तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतात. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो, आणि थोड्याच वेळात इंजिन निकामी होते. म्हणून हा दिवा चालू गाडीत लागताच गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. सपाट जागी काही मिनिटे थांबून पट्टीने तेल मोजावे. तेल कमी असेल तर ते भरावे आणि गळती शोधावी. तेल पुरेसे असूनही दिवा जात नसेल, तर गाडी ओढून न्यावी. दोष एखाद्या साध्या स्विचचा असू शकेल किंवा तेलपंपाचाही असेल, परंतु दाब स्वतंत्र मापकाने मोजल्याखेरीज ते ठरविता येत नाही. पुढचे गाव दोन मैलांवर आहे म्हणून तेथवर जाण्याचा मोह टाळावा. जुन्या गाडीच्या किमतीहून तिच्या इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च अधिक होतो, तो अशाच दोन मैलांत.

बॅटरीचे चित्र असलेला दिवा म्हणजे बॅटरी खराब असा अर्थ पुष्कळजण करतात आणि नवी बॅटरी विकत घेतात. वास्तविक हा दिवा बॅटरीत वीज भरली जात नाही, एवढेच सांगतो. प्रथम पट्टा पाहावा. तो सैल आहे, तुटला आहे की तेलकट झाला आहे, हे डोळ्यांनीच कळते. कित्येक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो, त्यामुळे तो तुटला असता इंजिन तापण्याचा धोका मागोमाग येतो. पट्टा ठीक असल्यास बॅटरीचा दाब मोजावा. इंजिन बंद असता साधारण साडेबारा व्होल्ट, आणि चालू असता सुमारे चौदा व्होल्ट आढळले पाहिजेत. इंजिन चालू असूनही आकडा वाढला नाही, तर दोष अल्टरनेटरकडे किंवा त्याच्या तारांत शोधावा.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल, तर गाडी सावकाश चालवून तपासणीसाठी नेता येते. तोच दिवा उघडझाप करू लागला, तर एखाद्या सिलिंडरात इंधन न जळता बाहेर पडत आहे असे समजावे. हे इंधन धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या भागात जाऊन जळते आणि तो भाग तापून नष्ट होतो. उघडझाप करणाऱ्या दिव्याला म्हणून लाल दिव्याइतकाच मान द्यावा.

क्रमांक मिळाला, निदान राहिले

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून आणि देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ ची मानके लागू झाली. त्या काळापासूनच्या मोटारींत दोषाची नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था आढळते. चालकाच्या पायापाशी एक सोळा टाचण्यांचे तोंड असते. त्याला वाचनयंत्र जोडले की दोषाचा क्रमांक कळतो. साधे वाचनयंत्र आज काही शे ते दोन-तीन हजार रुपयांत मिळते. ही सोय मोठी खरी, पण तिच्यामुळे एक नवा गैरसमज पसरला आहे. क्रमांक मिळाला म्हणजे निदान झाले, असे मानले जाऊ लागले आहे.

उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ हा क्रमांक घेऊ. इंधनाच्या मानाने हवा जास्त पडत आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे कारण चिरलेली रबरी नळी असेल, हवा मोजणारा मळलेला संवेदक असेल, तुंबलेला इंधन गाळक असेल किंवा अशक्त झालेला इंधनपंप असेल. परंतु क्रमांक ऑक्सिजन संवेदकाच्या मोजणीवरून आला म्हणून तो संवेदकच बदलला जातो. काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो, आणि दीडशे रुपयांची नळी तशीच चिरलेली राहते.

आपल्या शेतात याहून वेगळे काय घडते? पान पिवळे दिसले की युरियाचे पोते आणले जाते. नत्राची उणीव असेल तर जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे झाले तर कोवळी पाने पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला तरी पीक पिवळे पडते, आणि तेव्हा युरियाचा उपयोग होत नाही. पिवळे पान आणि पिवळा दिवा ही दोन्ही लक्षणे होत. रोग त्यांच्यामागे असतो, आणि तो शोधावा लागतो.

हा शोध कमी खर्चाच्या तपासणीपासून सुरू करावा. ‘पी ०३०१’ हा क्रमांक पहिल्या सिलिंडरातील ज्वलन चुकते असे सांगतो. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉईल असते, तिच्यात पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरांच्या कॉईलची अदलाबदल करावी. आता क्रमांक ‘पी ०३०२’ असा आला, तर दोष कॉईलबरोबर हलला, म्हणजे कॉईल खराब. क्रमांक जागचा हलला नाही, तर ठिणगीचा प्लग, इंधन फवारणी व दाब यांकडे वळावे. एका वाफ्यास खत देऊन शेजारचा वाफा तसाच ठेवतो आणि दोहोंची तुलना करतो, त्यातलीच ही रीत.

बिघाड केव्हा होतो?

मिस्त्रीस ‘गाडी तापते’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. ती केव्हा तापते हे सांगितले, तर अर्धे निदान तेथेच होते. लालबागच्या गर्दीत उभी असता तापते पण मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते, तर पंखा, त्याची मोटर वा तिचा स्विच पाहावा, कारण चालत्या गाडीला वाराच थंड करीत असतो. याउलट उभी असता ठीक राहते पण चढावर वा वेगात तापते, तर पाण्याचे अभिसरण कमी पडत असेल किंवा रेडिएटर तुंबला असेल. मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरचा रेडिएटर भुश्याने भरून असाच तापतो. दोन्ही प्रसंगी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : इंजिन गरम असता रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते, आणि झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते.

गॅसवर चालणाऱ्या गाडीची परीक्षा आणखी सोपी. गॅसवर झटके बसतात आणि पेट्रोलवर बसत नाहीत, असे आढळल्यास गॅसचा गाळक व दाबनियंत्रक तपासून घ्यावा. मात्र गॅस पेटण्यास अधिक जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा अशक्त कॉईल यांचा दोषही प्रथम गॅसवरच दिसतो. म्हणून प्लग आधी पाहावे. गॅसच्या जोडणीस अधिकृत कारागिराखेरीज कोणीही हात लावू नये, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी चुकवू नये.

पाणी आणि इथेनॉल

परळ व दादर यांच्यामधील हिंदमाता परिसर पावसाचे पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा तर शहरभर वाहने बुडाली. अशा पाण्यात इंजिन बंद पडल्यावर पुनःपुन्हा किल्ली फिरविणे फार घातक आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असता इंजिन फिरविले, तर आतील दांडा वाकतो. ओढ्याच्या पुरात अडकलेल्या ट्रॅक्टरास व जीपलाही हेच लागू आहे. गाडी ढकलून बाहेर काढावी, हवेचा गाळक ओला आहे का ते पाहावे, आणि ओला असल्यास मिस्त्रीकडून प्लग अथवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

आता इंधनाविषयी. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात साधारणतः २० टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच ऊस, मका व धान्यापासून बनते, म्हणून शेतकऱ्याचा त्याच्याशी दुहेरी संबंध आहे. बाजारात त्याचा लाभ घेत असताना आपल्या जुन्या गाडीवर होणारा परिणामही त्याने समजून घ्यावा. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश उष्णता कमी असते, त्यामुळे गाडी थोडे कमी अंतर देते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व पडदे या मिश्रणासाठी बनविलेले नसतात, ते फुगतात वा चिरतात. तसेच इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनोन् महिने तशीच ठेवली, तर पाणी तळाशी साचून गाडी सुरू होण्यास त्रास होतो. यावर उपाय साधे आहेत : नळ्या वर्षातून दोनदा तपासाव्यात, इंधनाचा गाळक वेळेवर बदलावा, गाडी दीर्घकाळ उभी ठेवू नये. प्रत्येक बिघाडाचा दोष इथेनॉलवर ढकलणे जसे चूक, तसेच त्याचा काहीच परिणाम होत नाही असे म्हणणेही चूक.

निदानाचे मोल

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अंदाजाने भाग बदलले जातात, याचा सारा दोष मिस्त्रीवर टाकणे न्याय्य होणार नाही. परळच्या गल्लीतील असो वा तालुक्याच्या नाक्यावरील असो, त्याला आपण पैसे कशाचे देतो? भागाचे व हातमजुरीचे. त्याने तासभर खपून एक चिरलेली नळी शोधून काढली, तर ‘एवढ्याशा नळीचे एवढे पैसे?’ असे विचारतो. त्याच गाडीत पाच हजारांचा संवेदक बसविला, तर निमूटपणे पैसे देतो. शोधाला मोल नाही आणि भागाला आहे, असे आपणच ठरवून दिले आहे. मग तो शोध कशाला करील? औषधविक्रीच्या दुकानातच पिकाचा रोग विचारणारा शेतकरी रिकाम्या हाताने क्वचितच परततो, त्याचेही कारण हेच. जेथे निदान फुकट मिळते, तेथे त्याची किंमत औषधाच्या बिलात भरावी लागते.

यास्तव माझे स्पष्ट मत असे की, गाडी दुरुस्तीस देताना निदानाची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती आनंदाने द्यावी. त्याबरोबर तीन गोष्टी मागून घ्याव्यात : दोषाचा क्रमांक कागदावर लिहून, तो कोणत्या तपासणीने निश्चित केला याचे उत्तर, आणि काढलेला जुना भाग. प्रामाणिक कारागिरास यात अपमान वाटण्याचे कारण नाही. किंबहुना चांगल्या कारागिराची चांगल्या रीतीने ओळख पटण्याचा हाच मार्ग आहे.

दिवा केवळ पुसून टाकण्याचा आग्रह मुळीच धरू नये. बॅटरीची तार सोडली किंवा यंत्राने क्रमांक पुसला की दिवा जातो, परंतु दोष उद्भवला तेव्हा इंजिनाची गती व उष्णता काय होती याची नोंदही त्याबरोबर जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, सूचक दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनाचा दिवा मुळीच लागत नसेल, तर तो कोणी बंद करून ठेवला असावा असा संशय घ्यावा. वाचनयंत्राने स्वयंतपासण्या अपूर्ण आहेत असे दाखविले, तर क्रमांक नुकतेच पुसले गेल्याचा किंवा बॅटरी सोडल्याचा तो संकेत असतो. अशी गाडी काही दिवस चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गावपातळीवर काय करता येईल

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः मिस्त्री व्हावे अशी अपेक्षा नाही. त्यांना तीन कामे सहज करता येतील. जेथे अवजारे भाड्याने देणारे केंद्र किंवा सहकारी संस्था आहे, तेथे एक वाचनयंत्र सामाईक मालकीचे ठेवावे. हंगामापूर्वी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार अथवा डिझेल विभागाच्या निदेशकांस बोलावून चालकांचा एक दिवसाचा वर्ग घ्यावा. आणि प्रत्येक वाहनमालकास नोंदवही ठेवण्याची सवय लावावी. त्या वहीत तारीख, किलोमीटर, कोणता दिवा, स्थिर की उघडझाप, इंजिन थंड होते की गरम, गाडी उभी होती की चढावर, दोषाचा क्रमांक, केलेला उपाय, खर्च आणि त्यानंतर आलेला गुण, एवढे रकाने पुरेत.

माती परीक्षणाचा अहवाल हातात नसता खताची शिफारस करू नये, असे आपण शेतकऱ्यांस वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ट्रॅक्टर, टेम्पो व घरची जुनी मोटार यांनाही तोच नियम लावावा. येत्या सणाला गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी तेल, पाणी, पट्टा व नळ्या एकदा पाहून घ्याव्यात, आणि वहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहावे.